ओढ्यापर्यंत फेकणारं मशीन

"हे ओढ्यापर्यंत फेकेल का, तेवढं सांग," सासूबाई म्हणाल्या.

दुकानदार सेकिझावाने कपाळावर हात मारून घेतला. तिसऱ्या मशीनपाशी तिसऱ्यांदा तोच प्रश्न! दुकानात भातकापणीची यंत्रं मागे ढकलून पुढे बर्फ उडवायची मशीनं मांडली होती, लाल, निळी, एक पिवळंही. बाहेर डोंगरावरच्या झाडांची पानं अजून गळायची होती. पण आमच्याकडे हिवाळ्याची खरेदी ऊन असतानाच उरकतात. पहिला बर्फ पडल्यावर जो दुकानात धावतो, त्याला गावात शहाणा म्हणत नाहीत.

"अहो किसाआजी, गिऱ्हाईकं विचारतात तेल किती पितं, आवाज किती करतं, गारठ्यात चालू होतं का. तुमचं आपलं ओढा, ओढा, ओढा! बर्फ काढायचाय की नदीला पूर आणायचाय?"

"तुझ्या वडिलांनी मला पहिलं मशीन विकलं तेव्हा आधी घर बघायला आले होते. तू मेल्या दुकानातूनच विकतोस."

"घर पाठ आहे मला तुमचं. शेडचं दार केवढं अरुंद, तेही पाठ आहे. म्हणून तर सांगतोय, हे घ्या." त्याने निळ्या छोट्या मशीनचा दांडा धरला आणि ते जागच्या जागी गर्रकन फिरवलं. "बघा, एका हातावर फिरतंय. तुम्ही धरा."

सासूबाईंनी धरलं. फिरलं की! ऐंशीला टेकलेली, माझ्या खांद्याला लागेल एवढी ती बाई, आणि मशीन तिच्या हातात पोरासारखं ऐकत होतं. मला एकदम हायसं वाटलं. मी नवऱ्याकडे पाहिलं. तोमोहारु भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता.

त्याचंही कारण होतं. ऑगस्टमध्ये पितरांच्या सणाला आम्ही गावी गेलो, तेव्हा थडगी धुताधुताच त्याने आईपुढे अट टाकली होती. गेल्या हिवाळ्यात जुनं मशीन बंद पडलं आणि सासूबाईंनी आम्हाला न कळवता फावड्याने बर्फ काढला. फोन लागेना, म्हणून हा आमच्या नागाओका शहरातून जीव मुठीत धरून गाडी हाकत गेला. तर सासूबाई शेगडीच्या टेबलाखाली पाय सोडून घोरत पडलेल्या! त्या दिवशी माझा नवरा घरी आला तो दहा वर्षांनी म्हातारा होऊन. मग ठरलं ते असं, की नवं मशीन आईने स्वतः निवडायचं आणि पहिल्या मोठ्या बर्फाला ते आमच्यासमोर एकटीने शेडमधून काढायचं, दारापासून रस्त्यापर्यंत वाट मोकळी करायची आणि पुन्हा एकटीने शेडमध्ये लावायचं. जमलं तर हिवाळाभर घरी राहायचं. नाही जमलं तर वसंतापर्यंत आमच्याकडे नागाओकाला.

वसंतापर्यंत म्हणे! वरच्या गावातून वसंतापर्यंत म्हणून खाली गेलेलं एक म्हातारं माणूस परत आलेलं मी पाहिलेलं नाही. हे सासूबाईंना ठाऊक होतं, नवऱ्याला ठाऊक होतं, आणि मला तर होतंच, कारण त्यांच्यासाठी खोली मीच रिकामी करून ठेवली होती.

"हे फेकतं कुठवर?" निळ्या मशीनकडे बोट करून सासूबाईंनी विचारलं.

"तोरिगोएंच्या जागेत आरामात पडेल."

"तोरिगोएंच्या जागेत कशाला पडेल?"

"कारण ती रिकामी आहे, आजी! म्हातारी वारली, म्हातारा वृद्धाश्रमात, घराला फळ्या ठोकलेल्या. अख्खं गाव आता शेजारच्या रिकाम्या जागेतच फेकतंय. कोण येतंय विचारायला?"

सासूबाईंनी निळ्याचा दांडा सोडून दिला.

त्यांच्या घराच्या उजव्या हाताला, अगदी खेटून, तोरिगोएंची जागा. डाव्या हाताला आमचा भाजीचा तुकडा आणि त्यापलीकडे ओढा. तुकड्यातच बर्फ टाकत गेलं तर जानेवारीत त्याचा डोंगर होतो आणि पुढचा बर्फ ठेवायला जागा उरत नाही. ओढ्यात पडला तर वाहून जातो. म्हणजे टाकायच्या जागा दोनच, जवळची शेजाऱ्याची आणि लांबची ओढ्याची.

आणि ती वारलेली शेजारीण कोण, तर फुमीबाई! या दोघींचं बर्फावरून जे भांडण चालायचं, त्याच्या गोष्टी मला लग्न ठरायच्या आधीपासून ऐकवल्या गेल्या होत्या. दर शरदात फुमीबाई हद्दीवर बांबूच्या काठ्या रोवायच्या, टोकाला लाल चिंधी. एखादी काठी आमच्या बाजूला बोटभर कलली की सासूबाई जाऊन सरळ करायच्या. फुमीबाई खिडकीतून बघायच्या आणि पुन्हा कलती करायच्या. पण इतक्या वर्षांत सासूबाईंच्या फावड्यातलं एक ढेकूळ तिकडे पडलं नाही की तिकडचं इकडे आलं नाही. दोघी पाठीवर बर्फ वाहून ओढ्यावर नेत, वाटेत समोरासमोर आल्या तर तोंड फिरवत.

"ते लाल दाखव," सासूबाई म्हणाल्या.

लाल मशीन चाकांऐवजी पट्ट्यांवर चालणारं, पुढचं तोंड रुंद, वरचा नळा चांगला उंच. सेकिझावाने अंगणात भाताच्या तुसाची पोती उपडी केली, मशीन चालू केलं आणि आत घातलं. धाडकन आवाज झाला आणि तुसाचा फवारा असा काही उडाला, की समोरची मोटार, सेकिझावाच्या बायकोची वाळत घातलेली चादर, माझे केस, सगळं पिवळं! सासूबाई मात्र मान वर करून बघत होत्या. आता खोटं का बोलू, मीही बघतच राहिले.

"तूस म्हणजे बर्फ नव्हे," त्या म्हणाल्या. "पण जाईल. ओढ्यापर्यंत जाईल."

"जाईल हो, पण वळवणार कसं? हे वळवायला अंगाचा जोर लागतो. खटका दाबून वळणारं घ्यायचं तर ते तुमच्या शेडच्या दारातून आत जात नाही. सरळ चालवाल तुम्ही, चढावर अडकाल. शेडपुढच्या त्या चढावर वळवून दाखवायचंय ना तुम्हाला? नाकापेक्षा मोती जड होईल, आजी!"

सासूबाईंनी लाल मशीन धरून वळवून पाहिलं. दोन्ही पाय रोवले, दातओठ खाल्ले, तेव्हा कुठे ते कण्हत फिरलं, तेही सपाट फरशीवर.

"निळं घ्या ना, आई," मी न राहवून म्हटलं. "निळ्याने सगळं जमेल तुम्हाला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला ओळखीची आहे. भात करपला की तशीच बघतात. "सगळं म्हणजे काय ग, नोरिए? बर्फ काढला आणि दुसऱ्याच्या दारात टाकला, याला काढणं म्हणतात होय?"

"पण दारात कुणी नाहीये!"

"माणूस नसलं म्हणून जागा त्याची नसते का?"

तोमोहारु कॅलेंडरापाशीच होता. त्याने एक शब्द काढला असता, की आई, निळं घे, तर कदाचित ऐकलंही असतं त्यांनी. पण तो मूग गिळून उभा राहिला. लाल मशीन घेतलं तर आई अट हरणार, हे त्याला दिसत होतं आणि त्याला तेच हवं होतं. रागावू तरी कशी त्याच्यावर? गेल्या हिवाळ्यात रस्त्यावरून परतलेला त्याचा चेहरा मीच पाहिला होता ना.

लाल मशीन घरी आलं.

डिसेंबरात बर्फ आला आणि काय आला! मी जन्मापासून बर्फातच वाढले, तरी त्या सकाळी गाडीतून उतरल्यावर दार लावायलाही विसरले. रात्रभर पडून आकाश आता निळंशार झालं होतं. डोंगर, छपरं, तारा, बुद्धाचं देऊळ, सगळं एका पांढऱ्या अंगाखाली गेलेलं. कुठे कावळाही ओरडत नव्हता. एवढं मोठं काहीतरी रात्रीतून येऊन बसतं आणि आवाजसुद्धा करत नाही, याचं मला दर वर्षी नव्याने नवल वाटतं.

आणि त्या पांढऱ्यात, हद्दीवर, लाल चिंध्यांची एक सरळ रांग.

"काठ्या कुणी रोवल्या?" मी विचारलं. "फुमीबाई तर..."

"मी," सासूबाई म्हणाल्या. डोक्याला रुमाल, वर टोपी, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट. "तिच्या काठ्या तिच्या ओसरीखालीच होत्या. मी नसत्या रोवल्या तर हद्द कशी कळली असती?"

"एखादी कलती नाही ना केलीस आपल्या बाजूला?" तोमोहारुने चेष्टा केली.

"तिच्या बाजूला बोटभर जागा कमी पडली असेल तर सांग." मग त्या माझ्याकडे वळल्या. "चहा करून ठेव ग. आणि तुम्ही दोघं पायरीवरून हलायचं नाही. मध्ये लुडबूड नको."

त्यांनी मशीन शेडमधून काढलं. चढ उतरताना पट्टे कुरकुरले, पण मशीन सरळ आलं. नळ्याचं तोंड त्यांनी डावीकडे फिरवलं, ओढ्याकडे. नेमका वारा तिकडूनच येत होता. मग फेकायचा खटका दाबला.

कसं सांगू? बर्फाची एक कमान उठली, घराच्या छपराहून उंच. ऊन तिच्यातून आरपार गेलं आणि आतला कण नि कण पेटल्यासारखा दिसला. कमान भाजीच्या तुकड्यावरून गेली, थेट ओढ्यात पडली आणि खालून पाण्याचा आवाज आला. त्या कमानीखाली ती टोपी, तो रुमाल, ती वाकलेली पाठ. मी टाळ्याच पिटणार होते. "बाप रे, आई!" असं नवऱ्याच्या तोंडून निघालं. लहानपणी म्हणत असेल तसं.

वाऱ्याने अर्धा बर्फ परत त्यांच्याच तोंडावर येत होता. भुवया पांढऱ्या झाल्या, पापण्या चिकटायला लागल्या. थांबायच्या, हातमोज्याने डोळे पुसायच्या, पुन्हा सुरू.

"आई, दुसरीकडे फिरव ना नळा!" तोमोहारु ओरडला. "वारा पाठीवर घे! तिकडे कुणी नाहीये!"

ऐकू गेलं असणार. मान हलली, नळा नाही हलला.

रस्त्याच्या तोंडाशी नगरपालिकेच्या गाडीने सारलेल्या बर्फाचा बांध होता, दगडासारखा, त्यांच्या छातीएवढा. मशीन त्यावर चढून अडलं. नवरा उठला, मी त्याची बाही धरली. सासूबाईंनी इंजिन बंद केलं, काठीने नळा मोकळा केला, मशीन मागे घेतलं. मग आधी वरचा थर, मग खालचा, असा तो बांध सोलून काढला. समोर काळा ओला रस्ता दिसला तेव्हा नवऱ्याने डोळे पुसले. म्हणाला, "बर्फ गेला डोळ्यात." मी म्हटलं, "हो का?"

वाट झाली होती. दारापासून रस्त्यापर्यंत, सुरीने कापावी तशी. उजवीकडे काठ्यांपलीकडचा बर्फ तसाच, मांजराचं पाऊलसुद्धा न उमटलेला. आता फक्त शेड राहिलं.

चढाच्या पायथ्याशी मशीन वळवायचं होतं. तापलेल्या पट्ट्यांखाली तिथला बर्फ दाबला जाऊन काचेसारखा झाला होता. सासूबाईंनी पाय रोवले आणि दांड्यावर अंग टाकलं. मशीन थोडं वळलं आणि घसरून परत सरळ झालं. पुन्हा जोर केला. पुन्हा तेच. मग त्यांनी चढावर चुलीतली राख आणून टाकली, श्वास घेतला आणि सगळं अंग, होतं नव्हतं तेवढं सगळं, त्या दांड्यावर घातलं. मशीन अर्धं वळलं. आणि बूट निसटून त्या गुडघ्यांवर बसल्या.

इंजिन धडधडत होतं. मग हात वर करून किल्ली फिरवली आणि एकदम सगळं शांत झालं.

"हरले," त्या म्हणाल्या.

"अगं आई, कसलं हरलीस!" नवरा धावत गेला. त्याला हवं होतं ते मिळालं होतं, आणि आता तोच ते परत देऊ बघत होता. "एवढी वाट काढलीस! वळवायचं काय, त्यात काय आहे! मी वळवतो. मी काही पाहिलंच नाही, समज."

"तू नाही पाहिलंस," गुडघे झटकत त्या म्हणाल्या. "पण मी पाहिलं ना."

"निळं घेतलं असतंत तर..." माझ्या तोंडून निघालंच.

"निळं घेतलं असतं तर इथे राहिले असते," त्या म्हणाल्या. "आणि रोज सकाळी त्या काठ्यांकडे बघायला लागलं असतं. चहा कुठाय?"

चहा घेतला. मुळ्याचं लोणचं खाल्लं. देवघरातल्या सासऱ्यांच्या फोटोपुढे त्यांनी भाताची वाटी ठेवली, पुन्हा उचलली आणि फोटोच रुमालात गुंडाळून घेतला. पाण्याचे नळ रिकामे केले, दारं लावली. मी काही बोलायला गेले तर म्हणाल्या, "नोरिए, तुझ्याकडच्या शेगडीला धूर येत नाही, म्हणजे मासे बेचवच भाजत असशील." मी म्हटलं, "तुम्ही शिकवा." त्या म्हणाल्या, "शिकवीन."

गाडी निघाली आणि लगेच त्यांनी थांबवायला सांगितली, तोरिगोएंच्या फाटकापाशी. मला वाटलं, काही विसरलं. त्या उतरल्या. फळ्या ठोकलेल्या त्या घरासमोर, मांडीएवढ्या बर्फात जेवढं आत जाता आलं तेवढ्या गेल्या, टोपी काढली आणि दोन्ही हात मांड्यांवर ठेवून कमरेत वाकल्या.

"फुमीबाई," मोठ्याने, शेजारणीला हाक मारतात तशा म्हणाल्या, "आम्ही हिवाळाभर बाहेरगावी चाललो. घरी कुणी नाही. आमच्या छपरावरचा बर्फ काढायलाही कुणी नाही. तो या वर्षी तुमच्याकडे घसरेल. मला माफ करा."

मी उतरून त्यांच्या शेजारी गेले आणि वाकले. मागे गाडीचं दार वाजलं, नवराही आला. त्यांची मान वर येईना, म्हणून आम्हीही तसेच वाकून राहिलो.