खिडकी वाजायची थांबली

माझं दुकान चार चाकांवर आहे आणि ते माझ्या सासूबाई चालवतात. म्हणजे गाडी त्या चालवतात, चौकटी मी करते. गिऱ्हाइकाच्या घरी जायचं, चित्र आणि भिंत बघायची, पट्ट्यांचे नमुने दाखवायचे, माप घ्यायचं; पुढच्या खेपेला सगळं कापून न्यायचं आणि तिथेच जोडून भिंतीवर टांगून द्यायचं, असा आमचा धंदा आहे. त्याआधी बरीच वर्षं मी कागद तपासण्याच्या प्रयोगशाळेत होते. ती बंद झाली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तुला कापता येतं, मला गाडी चालवता येते. घरात बसून एकमेकींचं डोकं खाण्यापेक्षा बाहेर जाऊन लोकांचं खाऊ."

त्या दिवशी गाडी निघाली आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटू लागलं. दोन चौक गेल्यावर लक्षात आलं. मागची सरकती खिडकी वाजत नव्हती.

"अहो आई, खिडकी दुरुस्त करून घेतलीत?"

"दुरुस्त नाही, गप्प केली," त्या आरशात बघत म्हणाल्या. "तू गाडी मेकॅनिककडे नेणार होतीस, त्याची वाट बघायचं सोडून दिलं."

विषय तिथेच संपला, कारण पुढे वळण होतं आणि वळणावर सासूबाईंशी बोललेलं त्यांना चालत नाही.

आम्ही ज्यांच्याकडे निघालो होतो त्या काकूंनी मला आठवड्यापूर्वी बोलावलं होतं. त्यांच्या जेवणाच्या टेबलावर काकांनी जिगसॉचं एक अवाढव्य चित्र जुळवलं होतं. बंदर, होड्या, दीपगृह आणि बाकी सगळं आकाश. मी गेले तेव्हा काका घरी नव्हते. काकूंनीच पट्टी निवडली, मी माप घेतलं. हे आकाश जुळवण्यात सगळा हिवाळा गेला होता आणि तेव्हापासून नवरा-बायको सोफ्यावर बसून, ताटं मांडीवर घेऊन जेवत होते.

आता दार काकूंनीच उघडलं. "या. संध्याकाळी माझ्या दोन्ही बहिणी जेवायला येतायत. तोवर टेबल रिकामं झालं नाही तर त्या मांडीवर ताट घेऊन जेवतील आणि जन्मभर मला ऐकवतील."

काका टेबलाशी हनुवटी हातावर टेकून बसले होते. मी चित्राकडे पाहिलं. दीपगृहाच्या टोकाला, जिथे दिवा असायला हवा तिथे, तुकड्याएवढं भोक होतं आणि त्यातून टेबलाचं लाकूड दिसत होतं. मागच्या वेळी माझं लक्ष कडांच्या मापावर होतं. मला ते दिसलंच नव्हतं.

"दिवा हरवला," काका म्हणाले.

"कधी?"

"या आठवड्यात. मुद्दाम राखून ठेवला होता हो. सगळं जुळलं की शेवटी दिवा लावायचा. चौकट येईल त्या दिवशी, असं मनात होतं."

"मनात," काकू म्हणाल्या. "यांचं सगळं मनात पुरं झालेलं असतं. बाहेर बाल्कनीचा कठडा बघा, अर्धा रंगवलेला आहे. पुस्तकांचं कपाट केलं, त्याला दारं नाहीत. एकदा स्वेटर विणायला घेतला, त्याला एक बाही आहे. तो कोणाला घालायचा ते अजून सांगत नाहीत."

काकांनी वाद घातला नाही. "ते सगळं खरं आहे," ते माझ्याकडे वळून म्हणाले. "पण हे झालं होतं. एवढं एक तरी पुरं झालं असतं."

काकूंनाही ते लागलं असावं. त्या उगाचच सोफ्यावरची उशी सारखी करू लागल्या.

"मी पुठ्ठ्याचा तुकडा कापून रंगवून देऊ शकते," मी म्हटलं. "लांबून कळणार नाही."

"लांबून नाही कळणार," काका म्हणाले, "पण मी जवळच राहतो."

मग तेच उठले. "करा. भोकासकट करा. माझ्या बाकीच्या वस्तूंमध्ये उठून दिसणार नाही."

मी फळ्या आणि काच आणायला खाली उतरले. सासूबाई सीट मागे पाडून, तोंडावर वर्तमानपत्र घेऊन पडल्या होत्या. फळी ओढून काढताना मी आधारासाठी सरकत्या खिडकीला धरलं, तर ती हलली नाही. काच आणि कड यांच्यामध्ये करड्या पुठ्ठ्याचा एक छोटा तुकडा ठोकून बसवला होता. मी तो नखाने उपसून काढला आणि उलटा केला. दुसऱ्या बाजूला पिवळा धमक दिवा होता.

"आई. हा कुठून आणलात?"

वर्तमानपत्र हललं. "तुझ्या नमुन्यांच्या पेटीतला कचरा आहे तो. काल तळाशी सापडला."

"कचरा नाही. वरच्या काकांच्या चित्रातला आहे."

"तुझ्या पेटीत कसा मग?"

ते मला उभ्या उभ्या आठवलं. त्यांच्या शोकेसवर मी पट्ट्यांचे कोपरे ओळीने मांडले होते आणि निघताना सगळे एका हाताने पेटीत लोटले होते. शोकेसवर एक काचेची बशीही होती. दिवा त्या बशीतच ठेवलेला असणार. बशी तिथेच राहिली, दिवा माझ्याबरोबर आला.

सासूबाई उठून बसल्या. "म्हणजे मी फक्त ठोकला. उचललास तू."

"हो."

"मग असं कर. वर जा, सोफ्याखाली सरकव आणि सापडला म्हण. त्यांना आनंद, तुला आनंद."

मला तो बेत आवडला, हे मी मान्य करते. तुकडा ॲप्रनच्या खिशात टाकून मी फळी घेऊन वर गेले. फळी भिंतीला टेकवली, टेप पडल्यासारखं केलं आणि सोफ्यापाशी वाकले.

"तिथे बघू नका," काकू म्हणाल्या. "आज सकाळीच सोफा उलटा करून झाडलाय. यांच्यासकट."

मी वाकलेलीच राहिले. मागून चपलांचा आवाज आला. एवढं मोठं चित्र उलटवायला चारही कोपरे धरावे लागतात म्हणून सासूबाई काच घेऊन वर आल्या होत्या. त्यांनी काच जपून ठेवली, माझ्याकडे एकदा बघितलं आणि हात पुढे केला.

"दे गं तो."

मी दिला. त्यांनी तो काकांच्या पुढ्यात ठेवला. "तुमचा दिवा आमच्या गाडीच्या खिडकीत होता. हिने चुकून नेला, मी चुकून ठोकला. ओरडायचं असेल तर आधी मला ओरडा, मी मोठी आहे."

काकांनी तुकडा उचलला. चष्मा कपाळावर चढवून तो डोळ्यांजवळ नेला. मी ओरडा ऐकायची तयारी केली.

"खिडकी वाजायची?" त्यांनी विचारलं.

"डोकं उठायचं."

"आणि याने थांबली?"

"एकदम."

"थांबणारच," काका म्हणाले. "जाडी चांगली आहे याची."

त्यांनी तुकडा जागेवर धरला, पण तो बसेना. खिडकीच्या दाबाने त्याची शेजारच्या तुकड्यात अडकणारी एक गोल गाठ चपटी होऊन पसरली होती. काकांचा चेहरा पुन्हा उतरला. हे मात्र माझ्या आवाक्यातलं होतं. पुठ्ठा म्हणजे कागदाच्या तंतूंचे एकावर एक बसवलेले थर. दाबले की चपटतात, किंचित ओल लागली की पुन्हा फुगतात. आणि ओले असतानाच त्यांना बाजूंनी आत रेटलं तर रेटले जातात. मी मागच्या बाजूने ओल्या कुंचल्याचं टोक फिरवलं, सुरीच्या बोथट पाठीने गाठीच्या कडा थोड्या थोड्या आत घेतल्या, थरांमध्ये पातळ खळ सोडली आणि तुकडा टिपकागदात गुंडाळून वर काकूंचा वरवंटा ठेवला.

"आता तासभर हात लावायचा नाही," मी सांगितलं.

"तासभर?" काका म्हणाले. त्यांनी कपाटातून पान्यांची पेटी काढली. "मग मी तेवढ्यात तुमची खिडकी बघून येतो. असल्या खिडक्यांचं फक्त खालचं चाक ढिलं झालेलं असतं."

ते जिना उतरून गेले.

"आता तुमच्या खिडकीचं काही खरं नाही," काकू सासूबाईंना म्हणाल्या.

"नाही तरी काय होतं," सासूबाई म्हणाल्या आणि टेबलाशी खुर्ची ओढून बसल्या. दोघींची लगेच गट्टी जमली. एकीने नवऱ्याच्या, दुसरीने मुलाच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, अर्ध्या राहिलेल्या कामांची यादी सांगितली आणि मी चौकटीचे कोपरे जोडता जोडता दोन्ही ऐकल्या. आमच्याकडची लांब निघाली.

तुकडा सुकला तेव्हा काकूंनी बाल्कनीतून हाक मारली. काका वर आले ते काळ्याकुट्ट हातांनी. काकूंनी त्यांना साबण लावायला दोनदा परत पाठवलं. मग ते टेबलाशी उभे राहिले, दोन बोटांत दिवा धरला आणि खाली दाबला. बारीकसा टक आवाज झाला. त्यांनी त्या जागेवरून एकदा तळहात फिरवला.

"लागला की," काकू म्हणाल्या. त्याही वाकून बघत होत्या.

पुढचं काम आम्ही चौघांनी केलं. चित्रावर फळी पालथी घातली, टेबलाच्या कडेने खालून दुसरी फळी सरकवली आणि चार कोपऱ्यांना चौघं उभे राहिलो. सासूबाईंनी गाडी मागे घ्यायला लावतात त्या आवाजात आम्हाला सूचना दिल्या. चित्र उलटं झालं आणि एकही तुकडा सुटला नाही. पाठीला गोंद, त्यावर पुठ्ठा, त्यावर वजन म्हणून बिनदाराच्या कपाटातली सगळी पुस्तकं. दारं नसल्यामुळे ती पटापट काढता आली, हे काकांनी सर्वांच्या लक्षात आणून दिलं. गोंद धरल्यावर पुन्हा सुलटं केलं, काच, चौकट, मागून खिळे. मी भिंतीवर ते पाणसळीने सरळ करत होते तेव्हा खाली काकू टेबलावर चादर अंथरतही होत्या.

काका खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बघत राहिले. "झालं?"

"झालं."

"म्हणजे यात आता करायचं काही उरलं नाही?"

"काही नाही."

ते जरा गोंधळल्यासारखे दिसले.

"होईल सवय," काकू म्हणाल्या आणि त्यांच्या हातात ताटं दिली. "चार मांडा. टेबलावर."

आम्ही खाली येऊन गाडीत बसलो. सासूबाईंनी गाडी सुरू केली आणि मागची खिडकी वाजू लागली. पूर्वी नुसती खडखडायची, आता खडखडून वर किणकिणतही होती. मान वळवून पाहिलं तर खालचं चाक घासूनपुसून घट्ट बसवलेलं होतं आणि वरच्या पट्टीला स्क्रूच नव्हता.

अर्ध्या रंगवलेल्या कठड्यावरून काका वाकले. "एक स्क्रू आणायचाय," ते वरून म्हणाले. "पुढच्या आठवड्यात या, पुरं करून देतो."

"येऊ," सासूबाईंनी हात हलवला.

पहिल्या चौकापर्यंत मी तो आवाज सोसला. मग पायाशी पडलेला पुठ्ठ्याचा एक तुकडा उचलून मागे खिडकीकडे हात नेला.

"थांब," सासूबाई समोर बघत म्हणाल्या. "आधी उलटा करून बघ, कशाचा आहे ते."