माझी मान, गोंदाची ओढ

नखाच्या टोकावर मावेन एवढाच मी आहे, मित्रांनो. लोखंड आणि सेलेनियम यांचा एक जुना, तुटका स्फटिक. सांगण्याजोगे माझ्याजवळ फार नाही. पण जे घडले त्याचा धक्का अजून अंगातून गेलेला नाही.

बंद काचनळीत, भट्टीच्या धगीत मी महिनाभर वाढलो. मला वाढवले ते प्रयोगशाळेतल्या एका मुलीने. दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली कण वेचते म्हणून सगळे तिला मुंगी म्हणत. माझ्या पोटात अणूंची चौकोनी जाळी आहे आणि ती सतत थरथरते. तिच्यातून धावणाऱ्या इलेक्ट्रॉनांना उबेत उभे-आडवे सारखेच. थंडी वाढली की मात्र त्यांचे मन डळमळते. क्षणात इकडे झुकतात, क्षणात तिकडे. त्यांच्यापायी जाळीही मऊ पडते. ठरावीक थंडीला ते एकच दिशा धरतात आणि माझा चौकोन किंचित लांबट होतो. त्याहून कडक गारठ्यात तर वीज माझ्यातून बिनअडथळा वाहते.

मी हलू नये म्हणून मुंगीने मला एका पट्टीवर कडक गोंदाने चिकटवले. मोजमापात दिसले, की माझे इलेक्ट्रॉन त्या ठरावीक थंडीच्या कितीतरी आधीच एका बाजूला कलतात. केवढे कौतुक झाले माझे! मुंगीचा चार वर्षांचा प्रबंध त्या एका आलेखावर उभा राहिला. खरे सांगतो, मीही फुगलो होतो.

प्रबंध द्यायला आठवडा उरला. तिच्या मार्गदर्शक सरांनी जाता जाता विचारले, "अगं, याला पाव फेरा फिरवून पाहिलंस ना?"

पाहिले नव्हते. फिरवायचे तर आधी सोडवायला हवे. तिने जपून पाते घातले, आणि मी मधोमध तुटलो. उरलेला अर्धा तिने आडवा चिकटवला. मी फिरलो, तर माझा कलही माझ्याबरोबर फिरायला हवा होता. तो फिरला नाही. पट्टीच्याच दिशेला राहिला.

मुंगीने सरांना बोलावले.

"सर, हा कल याचा नाहीच. गोंद थंडीत आकसतो आणि याला पट्टीच्या दिशेला ओढतो."

सरांनी जुना आलेख पुढे ओढला. "म्हणजे चार वर्षं आपण गोंद मोजला?"

मुंगीने आकडे पुन्हा चाळले. मग म्हणाली, "पण सर, एवढ्याशा ओढीला एवढा कल? तांबं असंच चिकटवलं तर ढिम्म हलत नाही."

"मग तेच मोज, किती ओढीला किती कल," सर म्हणाले. "वर्ष जाईल, जाऊ दे."

वर्ष गेले. मुंगीने मला मऊ ग्रीसच्या ठिपक्यावर सैल ठेवले, आणि मी कुठेच कललेला नव्हतो. नुसता डळमळत होतो. मग तिने मुद्दाम, मोजून, हलकेच ओढले. थंडी वाढेल तसा मी अधिकाधिक सहज झुकत गेलो. ते सहज झुकणे हीच माझ्या डळमळीची खूण होती. प्रबंध पुरा झाला, पहिल्यापेक्षा बारीक आणि खरा.

आता मी डबीत असतो. मित्रांनो, कुणालाही काही विचारण्याआधी आपल्या हाताची पकड जरा पाहा. आम्ही फार मऊ असतो. आजही मान झुकली की मी दचकतो: ही मी झुकवली, की कुणी ओढली?