एकोणीस वेळा जंगल

वृंदाची आयुर्वेदाची पदवी नेदरलँड्समध्ये भिंतीवर टांगण्यापुरतीच उरली, तेव्हा तिने नायमेखनच्या एका काचघरात गाईडचं काम धरलं. काचघरात काँगोचं अरण्य होतं. अख्खं नव्हे, चार टेनिस कोर्टांएवढं. "महिनाभर बघू, मग कायम करू," असं तिथली मुख्य बाई, हॅनेके, म्हणाली होती. महिना शनिवारी भरणार होता.

अडचण एका शब्दाची होती. दारावर पाटी 'जंगल', आणि पाठ करायला दिलेल्या कागदावर तोच शब्द एकोणीस वेळा.

"म्हणून टाक ना गं," निहार म्हणाला. हा नवरा. चिप कंपनीत टेस्टिंगला होता, म्हणजे चुका काढायचा पगार घरात त्यालाच मिळायचा.

"जंगल आलं जांगलवरून, आणि जांगल देश म्हणजे कोरडा मुलूख. पाणी कमी, झाडं खुरटी. पहिल्याच वर्षी शिकवतात. ओला, दाट झाडीचा तो आनूप. आपलाच शब्द नेला आणि उलटा घालून फिरताहेत. स्वेटरसारखा!"

"अगं, पण सगळं जग..."

"सगळ्या जगाने घालावा. मी नाही घालणार."

शनिवारी चौदा पाहुणे आले. मागे वही घेऊन हॅनेके.

"हा आनूप देश," वृंदाने मोडक्या डचमध्ये ठणकावलं. "इथे पावसासाठी समुद्राच्या भरवशावर कुणी बसत नाही. बराचसा पाऊस झाडंच पानांतून सोडतात आणि परत अंगावर घेतात. जमिनीपर्यंत उजेड पोचतो शंभरात एखादा भाग. हत्ती फळं गिळतात, कोस-दोन कोस चालतात आणि बिया खतासकट पेरतात."

"आणि जंगल कुठंय?" एका आजोबांनी विचारलं.

"राजस्थानकडे. इथून बस नाही."

हॅनेकेने वही मिटली. वृंदाला बाजूला घेऊन म्हणाली, "जंगल म्हण. नाहीतर सोमवारी येऊ नकोस."

तेवढ्यात छतातले धुक्याचे फवारे एकदा खोकले आणि थांबले. पंप गेला. काचेवर जूनचं ऊन तापत होतं; अर्ध्या तासात पानांनी माना टाकल्या. हॅनेकेने मेकॅनिकला फोन लावला. तिकडून विचारणा झाली, अपॉइंटमेंट आहे का? नव्हती. मंगळवार मिळाला.

"आता जंगल," वृंदा म्हणाली. "आता खुशाल म्हणते. जंगल!"

मग तिने माळ्याच्या खोलीतून झाऱ्या आणि फवारणीच्या बाटल्या आणल्या आणि चौदाही जणांच्या हातात कोंबल्या. "पंप नाही म्हणून पाऊस नाही, हे काँगोत चालत नाही. पानं भिजवा. वरून! आजोबा, तुम्ही हत्ती. खालची झाडं तुमची."

संध्याकाळपर्यंत पानांनी माना वर केल्या. चौदांतला एकही घरी गेला नव्हता. आजोबांनी दोनदा सोंडेचा आवाज काढला.

नखशिखांत भिजलेली हॅनेके म्हणाली, "सोमवारी नऊला ये. कायम. तुझा तो शब्दही म्हण. पण पाटी बदलणार नाही."

"राहू दे," वृंदा केस पिळत म्हणाली. "पंप पुन्हा बंद पडला की खरी ठरेल."