पडण्याला साडेनऊ गुण

मी एक जुना म्यूट आहे. मित्रांनो, तुम्ही मला ओळखत नसाल तर वाईट वाटून घेऊ नका. ज्या दुकानात मी विकायला होतो, तिथल्या मालकानेच मला बरेच दिवस फुलदाणी म्हणून वापरलं. मी ॲल्युमिनियमचा आहे, वरून निमुळता, खाली रुंद, आणि कमरेला बुचाच्या तीन पट्ट्या. ट्रम्पेटच्या पुढच्या पसरट तोंडात मला बसवलं की त्याचा आवाज बदलतो. नुसता लहान होत नाही. शेजारच्या खोलीत दार लोटून कोणी मनातलं बोलतंय, असा होतो.

माझा जन्म झाला त्या कारखान्यात मुख्यतः नरसाळी बनत. माझे सख्खे भाऊ तेलाची नरसाळी झाले. तुमच्यातून किती अवघड तेल गेलं, असं त्यांना कधी कोणी विचारलं नाही. ते सुखी आहेत.

मला ताईने विकत घेतलं. ताई दिवसा एका प्रयोगशाळेत कवळ्या घडवायची आणि संध्याकाळी एका हॉटेलात मामाबरोबर जॅझ वाजवायची. मामा तिचा सख्खा मामा. तो डबल बास वाजवतो, म्हणजे माणसाहून उंच वाद्य मिठीत धरून उभा राहतो. हात मोकळे नसल्यामुळे त्याला आजवर कोणी कामाला लावलेलं नाही. जॅझमध्ये चाल ठरलेली असते, पण ती कुठे वळवायची, कुठे थांबायचं, हे वाजवता वाजवता सुचावं लागतं. ताईला थांबणं फार छान सुचायचं.

मला बसवण्याआधी ती माझ्या बुचावर तोंडाची वाफ सोडायची, चष्मा पुसण्याआधी सोडतात तशी. ओलसर बूच धातूला घट्ट धरतं. मग मला किंचित पिळून बसवायचं, की झालं. काम एवढंसं, पण माझी सगळी अब्रू त्या वाफेवर टिकून होती.

मी घरात येण्याआधी खालच्या मजल्यावरच्या काकू झाडूच्या दांड्याने छत ठोकायच्या. मी आलो आणि ठोकणं थांबलं. एकदा त्या स्वतःच वर आल्या. ताई माफी मागायच्या तयारीतच दार उघडायला गेली.

"मघाशी ते हळू वाजवत होतीस ना, ते परत वाजव," काकू म्हणाल्या. "आणि खिडकी उघडी ठेव. शेवटच्या लांब सुराआधी तू थांबतेस बघ. माझी धाकटी बहीण बोलताना अशीच थांबायची."

माझं आजवर झालेलं हे एकमेव परीक्षण, जे मला समजलं.

मग रेडिओच्या बँडमध्ये ट्रम्पेटची एक कायमची जागा निघाली. ताईला ती हवीच होती. दिवसभर लोकांचे दात घडवून ती संध्याकाळी इतकी दमायची की सूर लावतानाही तिला अक्कलदाढा दिसायच्या. जागेसाठी स्पर्धा ठेवली होती, दोन फेऱ्यांची. मुख्य परीक्षक पूर्वी उंचावरून पाण्यात उड्या मारायच्या स्पर्धा तपासायचे आणि ती शिस्त त्यांनी सोबत आणली होती. किती उंच, किती वेगात, श्वास न घेता किती वेळ, यावर अवघडपणाचे गुण. भावनेला गुण नव्हते.

"भावना काय, सगळ्यांनाच असते," ते सभागृहात म्हणाले. "तिच्यात मेहनत कुठे आहे?"

ताईच्या आधी एक तरुण वाजवून गेला. त्याला सगळे शिट्टी म्हणत. त्याने इतका उंच सूर लावला की मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं. परीक्षक खूश झाले.

"चला, चला, पुढचे," म्हणत आयोजकांनी ताईला जवळजवळ ढकललंच. त्या घाईत ती वाफ सोडायला विसरली. मला कळत होतं, पण म्यूटने बोलायची पद्धत नाही.

तिने तीच हळू चाल वाजवली. शेवटच्या लांब सुराआधी ती थांबली. सभागृहही थांबलं. आणि त्या शांततेत मी निसटलो, लाकडी मंचावर ठण्णकन आपटलो आणि घरंगळत मुख्य परीक्षकांच्या बुटापाशी गेलो. माझ्या पोटाला पोचा आला. ताईने उरलेला सूर माझ्याशिवायच वाजवला. तिचे कान लाल झाले होते.

त्या फेरीत ताई पहिली आली.

"शांततेच्या बरोबर मध्यावर धातूचा आघात, आणि मग घरंगळ," मुख्य परीक्षक भारावून म्हणाले. "अवघडपणा साडेनऊ."

"आणि चाल?" ताईने विचारलं.

"कुठली चाल?"

दुसऱ्या फेरीपर्यंत माझं जगणं हराम झालं. ज्याला त्याला काहीतरी पाडायचं होतं. सरावात एकाने म्यूट पाडला, एकीने स्टँड पाडला. शिट्टी स्वतःच पडला, आणि जाणकारांच्या मते त्याचं पडणं जास्त अवघड होतं. मला ज्या कामासाठी घडवलं ते कोणी बघेना, आणि पडलो म्हणून माझे फोटो निघाले.

"पाड की बाई," मामा म्हणाला. "एकदा पाड, जागा घे, मग जन्मभर हवं ते वाजव."

"जन्मभर तेच पाडायला लावतील, मामा."

"मग काय, कवळ्याच करायच्यात का?"

"कवळ्या निदान तोंडात बसतात," ताई म्हणाली. पण त्या रात्री ती जेवली नाही.

दुसऱ्या फेरीत मंचावर उभी राहिल्यावर तिने मला हातात धरलं. माझ्या पोच्यावरून तिचा अंगठा फिरला. आयोजक घाई करत होते. तिने बुचावर वाफ सोडली, एकदा नव्हे, दोनदा, आणि मला पिळून बसवलं. साथीला उभ्या मामाने सुस्कारा सोडला आणि तारेवर बोट ठेवलं.

चाल सुरू झाली. त्या दिवशी ती कधी नव्हे इतकी चांगली वाजत होती. मी आत होतो, मला माहीत आहे. लांब सुराआधी ताई थांबली. सगळे परीक्षक पुढे झुकले. मुख्य परीक्षक तर टेबलाखाली वाकून जमीन बघू लागले. पोच्यामुळे माझी एक पट्टी सुटू पाहत होती. मी घट्ट धरून राहिलो. मग तो सूर आला, लांब, मऊ, आणि हळूहळू विरून गेला.

जागा शिट्टीला मिळाली.

ताईने मुख्य परीक्षकांना जिन्यात गाठलं. "सर, निकालाचं राहू द्या. आज कसं वाजलं, तेवढं सांगा."

ते जरा ओशाळले. "खरं सांगू? ऐकायचं राहूनच गेलं हो. तो कधी पडतोय, याचीच वाट बघत होतो."

ताईने मला पिशवीत ठेवलं. मामा बोलला, पण ते इथे लिहिता येणार नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी असेल तर त्याचं बूच कोरडं पडू देऊ नका. आणि तुमच्यापैकी कोणी मोठेपणी परीक्षक झालं, तर टेबलाखाली बघण्याआधी थोडं ऐका. मी त्या दिवशी पडलो नाही. इतकं अवघड काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही, आणि त्याला गुण शून्य.