डावीकडून आलेली गाडी

नऊ वर्षं त्या कंपनीने चाहत्यांच्या तोंडाला पानं पुसली होती. त्यांच्या रेसिंग गेमचे पहिले चार भाग म्हणजे काय चीज होती! स्टेअरिंग धरलं की टायरखालची खडी तळहाताला कळायची. पाचव्या भागात त्यांनी गाड्यांना रंगीत दिवे आणि पंख लावले. सहाव्यात गाडी भिंतीवर आपटली तरी चेंडूसारखी उडून पुन्हा रस्त्यावर. आणि सातवा? सातव्याचं नाव काढलं की घड्याळ थुंकायचा.

घड्याळ म्हणजे बसचा ड्रायव्हर. डेपोत त्याला सगळे याच नावाने हाक मारायचे, कारण एकवीस वर्षांत त्याची चौदा नंबरची बस एकदाही उशिरा सुटली नव्हती. दिवसभर बस हाकायची आणि घरी येऊन टीव्हीसमोर पुन्हा स्टेअरिंग धरून बसायचं, याला त्याची बायको वेड म्हणायची. तो म्हणायचा, "अगं, तिथे थांबे नसतात."

सातव्या भागात बाकीच्या गाड्या बदकाच्या पिल्लांसारख्या एका ओळीत चालायच्या. मागून जा, पुढे निघ, बक्षीस घे. शेजारी कुणी येणं नाही, धक्का नाही, दगाफटका नाही. रस्ते त्याला तोंडपाठ झाले होते. तो शिव्या देत खेळायचा आणि रोज जिंकायचा.

मग आठवा आला आणि जगभरच्या चाहत्यांनी एकच गिल्ला केला: जुने दिवस परत आले! टायरखाली खडी आली. आपटलं की पत्रा चेपू लागला. मुख्य म्हणजे समोरच्या गाड्यांना मेंदू आला. त्या तुमची चूक हेरतात, फट दिसली की घुसतात.

साप्ताहिक सुट्टीच्या दुपारी मेहुणा डिस्क घेऊन आला. तो त्याच डेपोत बसच्या बॉडीचं पत्र्याचं काम करायचा. बहिणीचं लग्न ठरत होतं तेव्हा त्याने होणाऱ्या दाजींना पहिल्या भागात रेसचं आव्हान दिलं होतं आणि तीनदा हरल्यावरच घरी जाऊन होकार कळवला होता.

"दाजी, आज ताईला परत घेऊन जातो की नाही बघा," त्याने दारातूनच सुनावलं.

"घेऊन जा. स्टेअरिंग तेवढं ठेव," घड्याळ म्हणाला. आतून बायकोने हाणलं, "ऐकू येतंय मला!"

जेवणाच्या टेबलाला स्टेअरिंग आवळलं. गाडी सुटली आणि पहिल्याच वळणावर घड्याळाच्या घशातून असा काही आवाज निघाला की बायको पदराला हात पुसत बाहेर आली. पन्नाशीचा बाप्या रडायच्या बेतात होता. "लेका, बघ! मागचा टायर सुटतोय, बघ! हे! हेच! एवढंच मागत होतो रे नऊ वर्षं!"

तिसऱ्या वळणावर धाडकन डाव्या अंगाला काहीतरी आदळलं. गाडी गर्रकन फिरली.

"हा कुठून उगवला?"

"शेजारीच होता, दाजी."

"शेजारी कुठला! आभाळातून पडला."

दुसरी रेस. पुन्हा डावीकडून दणका. तिसरी, तेच. पाचव्या रेसनंतर त्याने स्टेअरिंगवर मूठ आपटली. "फसवतायत साले! गाड्या मधेच कुठून तरी सोडतायत. रस्ता मोकळा असतो आणि एकदम कुठून उगवतो, कळतच नाही!"

मेहुण्याच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. हे वाक्य त्याने आधी ऐकलं होतं. शब्द तेच, सूरही तोच. तीन महिन्यांपूर्वी, दाजींच्या सोबतीला गेला होता तेव्हा, डेपोतल्या चौकशीच्या खोलीत.

सायकलवरून पेपर टाकणारा माणूस. सकाळी उजाडल्यावर, कोरड्या रस्त्यावर, चौदा नंबरच्या डाव्या अंगाखाली आला आणि जागच्या जागी गेला. चौकशीला त्याची बायको आली होती. ती एकच बोलली: "ते रोज तांबडं जाकीट घालायचे. दिसावं म्हणूनच घालायचे." घड्याळ मान खाली घालून म्हणाला, "बाई, रस्ता मोकळा होता. एकदम कुठून उगवला, कळलंच नाही." तो खोटं बोलत नव्हता. एकवीस वर्षांचं स्वच्छ रेकॉर्ड टेबलावर होतं. कागदावर आलं: सायकलस्वाराचा निष्काळजीपणा. मेलेल्या माणसावर ठपका ठेवायला काय जातं? तो थोडाच सही करायला नकार देतो.

पण रेकॉर्ड स्वच्छ ठेवलं होतं कुणी? मेहुण्याने. त्याआधीच्या वर्षभरात चौदा नंबरची डावी बाजू तीनदा घासली होती. फाटकाचा खांब, दिव्याचा खांब, दुसऱ्या बसचा आरसा. घरचंच काम म्हणून त्याने कुठेही न नोंदवता ठोकून, रंगवून दिलं होतं.

"दाजी," मेहुणा म्हणाला, "ती रेस परत लावा. वरून बघू."

आठव्या भागात तीही जुनी सोय परत आली होती. झालेली रेस वरून, पाखराच्या नजरेने बघायची. पडद्यावर त्याची पांढरी गाडी वळणाकडे चालली होती. तिच्या डावीकडे एक पिवळी गाडी. ती आभाळातून पडली नव्हती. मागून आली, आरशात आली, खिडकीशी आली. मेहुण्याने बोटांवर मोजलं. एक, दोन, तीन, चार. मग पांढरी गाडी सरळ तिच्या अंगावर गेली.

"परत लाव," घड्याळ म्हणाला. आवाज उतरला होता.

पुन्हा चार सेकंद. दुसऱ्या रेसमध्ये पाच.

मेहुण्याने त्याला भिंतीशी उभं केलं. "माझ्या नाकाकडे बघा. मान हलवायची नाही." खिशातून पाना काढून त्याच्या डाव्या बाजूला धरला. "दिसतंय?"

"काय?"

पाना कानापासून वीतभर लांब होता. मेहुण्याने तो हळूहळू पुढे आणला. गालासमोर आला. भुवईच्या टोकाशी आला. घड्याळ त्याच्या नाकाकडे शहाण्या पोरासारखा बघत होता. "अरे, दाखव की काय दाखवायचंय ते."

लोकांना वाटतं, दिसेनासं झालं म्हणजे काळोख दिसतो. काळोख दिसला असता तर कोणीही सावध झालं असतं. त्याला तिथे मोकळा रस्ता दिसत होता.

बायको दारात उभी होती. गेलं वर्षभर ती पाण्याचा पेला त्याच्या उजव्या हाताला ठेवायची. डावीकडे ठेवला की तो सांडायचा. का सांडतो हे तिने विचारलं नव्हतं. आता विचारायची गरज उरली नाही.

"दरवर्षी डोळे तपासतात ना तुमचे?" ती म्हणाली.

घड्याळ हसला. तसलं हसू तिने त्याच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं. "रांग असते. डॉक्टर मान वर करत नाही. नाव सांगायचं, तो सही करतो. डोळे फॉर्मला असतात, आपल्याला नाही."

"मग यंदाही करेल," मेहुणा घाईघाईने म्हणाला. "दोन आठवडे रजा टाका, नंतर आत बसून करायचं काम मागून घ्या. पेपरवाला काही परत येत नाही, दाजी. हे बाहेर गेलं तर पहिला मी जातो. हातोडी माझी आहे."

"त्याच्या बायकोला मी काय सांगितलं?"

"जे दिसलं ते सांगितलंत!"

"तो चार सेकंद शेजारी असणार रे. तांबडं जाकीट घालून."

मेहुणा डिस्क तिथेच सोडून निघून गेला.

सकाळी घड्याळ वेळेवर डेपोत हजर झाला आणि थेट मॅनेजरसाहेबांच्या खोलीत गेला.

"पेपरवाल्याची फाईल उघडा."

"ती मिटली. तुमच्या बाजूने मिटली."

"म्हणूनच उघडा. मला डावीकडचं दिसत नाही."

साहेबांनी उठून दार लावलं. "कोण म्हणतं?"

"गेम."

साहेब खदखदून हसले. "टीव्हीवरचा? अहो घड्याळ, डोक्यावर परिणाम झाला का? आज तीन ड्रायव्हर रजेवर आहेत. चौदा नंबर उभी आहे, माणसं खोळंबलीत. एक फेरी मारून या, मग बोलू." त्यांनी किल्ली टेबलावरून सरकवली.

सरकल्याचा आवाज घड्याळाने ऐकला. टेबलावर शिक्का होता, चष्मा होता, पेन होतं. किल्ली नव्हती. त्याने मुद्दाम मान वळवली नाही.

"कुठे आहे?"

"ही काय समोर!"

"कुठे?"

साहेबांचं हसू हळूहळू विझलं. किल्ली घड्याळाच्या डाव्या मनगटाला जवळजवळ टेकली होती. ती त्यांनी गुपचूप उचलली, दार उघडून कुणाला तरी चौदावर जायला ओरडले आणि परत येऊन दबक्या आवाजात म्हणाले, "रजेचा अर्ज द्या. डोळे दुखतात, एवढंच लिहा. फॉर्मवर डॉक्टरची सही आहे, खाली माझी आहे. किती जणांना खड्ड्यात घालणार?"

घड्याळाने खिशातून कागद काढून टेबलावर ठेवला. सगळं लिहिलं होतं, ठोकलेल्या पत्र्यासकट. साहेबांनी त्याला हातसुद्धा लावला नाही. "हे मी पाहिलेलं नाही," ते म्हणाले.

"माझ्याकडे दुसरी प्रत आहे."

चौदा नंबर अकरा मिनिटं उशिरा सुटली. घड्याळ वर्कशॉपजवळून चालला तसा आतला हातोडीचा आवाज बंद झाला.

"दाजी." हाक डावीकडून आली. त्याला अख्खी मान वळवावी लागली. मेहुणा हातोडी धरून उभा होता. "माझं नाव लिहिलंत?"

"लिहिलं."

"ताईला माहीत आहे?"

"कागद तिने दिला."

मेहुण्याने त्याला एक घाणेरडी शिवी हासडली. आयुष्यात पहिल्यांदा. मग वळून पत्र्यावर असा घाव घातला की फाटकावरचा रखवालदार दचकला.

पेपरवाल्याचं घर रस्त्यापलीकडे, दोन गल्ल्या सोडून होतं. तिथे जाऊन तोंड कसं उघडायचं ते घड्याळाला ठाऊक नव्हतं. ती दार लावून घेईल, दगड मारेल, काहीही करेल. तो फुटपाथच्या कडेला थांबला. समोर रस्ता मोकळा दिसत होता. त्याने मान पार खांद्यापर्यंत डावीकडे वळवली, मनात चार मोजले आणि तेव्हा त्याला दिसलं, रस्ता भरून गाड्या येत होत्या.

तो त्या संपायची वाट बघत उभा राहिला.