शेवटची आणि शेवटची नीट

धाकटी एका प्रकाशकाकडे संपादक होती. एकाच मजकुराच्या दोन प्रती संगणकावर ताडून पाहणं हे तिचं रोजचंच काम. जुनी प्रत एका चौकटीत, नवी दुसऱ्या. गाळलेलं लाल रेघेखाली येतं, घातलेलं निळ्या अक्षरांत. बाबांनी आयुष्यभर सुतारकाम केलं आणि आता आठवणी लिहिल्या होत्या. छापायच्या आधी त्या बघायला ती माहेरी आली होती.

बाबांनी फाइलींना नावं तरी काय द्यावीत! एक ‘शेवटची’, दुसरी ‘शेवटची नीट’. आता ‘नीट’ म्हणजे नवीच, यात विचारायचं काय? तिनं ती आपल्या लॅपटॉपवर नव्या चौकटीत टाकली आणि बिनधास्त बटण दाबलं.

एक परिच्छेद अख्खा लाल झाला. ‘माझा हात धाकटीनं घेतला. लाकडाचा सांधा बसलाय की नाही ते तिला बोट फिरवूनच कळायचं. वर्कशॉप मी थोरल्याला दिलं, मुलगा म्हणून. ते तिचं होतं.’

हे ऐकायला तिनं उभी हयात कान टवकारले होते. बाबांनी ते लिहिलं आणि मग खोडून टाकलं! त्यापेक्षा लिहिलंच नसतं तर बरं झालं असतं.

बाबा दारात आले. “झालं का गं वाचून?”

“वाचल्या वर्कशॉपच्या त्या ओळी,” ती फणकारली. “कशाला लिहायचं ते सगळं? मला नकोत त्या ओळी. अजिबात नकोत!”

“बरं,” बाबा म्हणाले आणि आपल्या खोलीत गेले.

धुसफुसतच तिनं फाइलींच्या तारखा पाहिल्या. अगं बाई! ‘नीट’ महिन्यापूर्वीची होती, ‘शेवटची’ कालची. जुनीच्या जागी नवी घातली होती तिनं. इतकी वर्षं हेच करून पोट भरणाऱ्या बाईनं! म्हणजे बाबांनी त्या ओळी खोडल्या नव्हत्या, कालच घातल्या होत्या.

ती धावत आत गेली. बाबा त्यांच्या जुन्या संगणकापुढे वाकून बसले होते आणि एका बोटानं, शेवटाकडून, एकेक अक्षर पुसत होते. पडद्यावर त्या परिच्छेदातलं एवढंच उरलं होतं: ‘माझा हात धाकटीनं’.

“बाबा, थांबा!” तिनं त्यांचं मनगटच धरलं. “मी फाइली उलट्या लावल्या. मला वाटलं, तुम्हीच खोडलंत. म्हणून चिडले हो मी.”

“म्हणजे तुला हवंय ते?”

तिनं मान डोलावली, डोळे पुसले आणि कीबोर्डकडे हात नेला. “एका बटणात येतं सगळं परत.”

“नको,” बाबा म्हणाले. “मी लिहितो पुन्हा. तू बस इथं.”

तिनं स्टूल ओढलं. बाबांनी चष्मा सारखा केला आणि ते पुढचं अक्षर शोधायला लागले.