विजयसिंहचा डावा हात

"आबा, खरं सांगा. आत्ताच्या काळात तुमी असता, तर ह्या टीव्हीवरच्या पोरांचं काय झालं असतं?"

म्हस्कूने वस्तरा हवेतच धरला होता. झुंबरआबांच्या अर्ध्या गालावर साबण तसाच होता आणि बावड्याच्या त्या सलूनमधली सगळी माणसं पेपर खाली करून उत्तराची वाट बघत होती.

"त्यांचं कशाला काय हुतंय? मीच पैल्या फेरीत आडवा झालो असतो," आबा म्हणाले.

"घ्या! एवढा फौजेचा बॉक्सिंग चँपियन, पण मीपणा म्हणून न्हाय," बाकावरचे दत्तोबा कौतुकाने म्हणाले.

आता काय करावं अशा माणसांना! चाळीस वर्षं होत आली, हेच चाललं होतं. आबांनी फुशारकी कधी मारली नाही. जे बोलले ते खरंच बोलले. पण गावाने त्याला नम्रपणा म्हणायचं ठरवून टाकलं होतं, आणि त्या नम्रपणाने आबांचा मान आणखीच वाढत होता. आरशासमोर बसले की ते डोळे मिटून घेत. म्हस्कूला वाटे, म्हातारा पेंगतोय.

आबा पेंगत नसत. त्यांना शहाऐंशीची फायनल दिसत असे. कोरेगावकडचा विजयसिंह, ताडमाड उंच, दोन फेऱ्यांत त्याने यांना नुसतं बडवून काढलेलं. तिसऱ्या फेरीत दोघे एकमेकांना मिठी मारून लोंबकळले होते. पंच पाठीमागे होता. त्या वेळच्या ग्लोव्हचा अंगठा सुटा असे. झुंबरने उजव्या हाताचा तो अंगठा विजयसिंहच्या डाव्या डोळ्यात घातला. चुकून नाही, चांगला दाबून घातला. पंचाने दोघांना वेगळं केलं, विजयसिंहचा डोळा गच्च मिटला, आणि त्याच बाजूने झुंबरचा ठोसा गेला. दहा आकडे मोजून झाले तरी गडी उठला नाही. पुढे बढती मिळाली, गावात ट्रॅक्टरवरून मिरवणूक निघाली, लेझीम खेळली. आबांनी हे बायकोलासुद्धा सांगितलं नाही, आणि बिचारी ते न ऐकताच गेली.

मागच्या वर्षी नातीने, राजलक्ष्मीने, बारामतीच्या बॉक्सिंग क्लासचे नवे ग्लोव्ह घरी आणले. आबांचा हात आधी अंगठ्याकडेच गेला. तो मुठीला शिवून टाकलेला होता.

"असा का गं शिवलाय?"

"समोरच्याच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून. पूर्वी लोकं मुद्दाम घालायची म्हणं, आबा. काय नीच असतील ना?"

"व्हय," आबा म्हणाले आणि उठून पेरूच्या बागेत गेले. सकाळीच पाणी दिलेल्या झाडांना त्यांनी परत पाणी दिलं. आपण आजच्या काळात कितपत टिकलो असतो, या प्रश्नाचं उत्तर त्यांना त्या दिवशी पोरीने हातातच आणून दिलं होतं.

क्लासचे सर अविराज यांनी बारामतीत मुलींच्या स्पर्धा भरवल्या, तेव्हा आबांचा सत्कार ठरला. आबा नको नको म्हणत राहिले, तो पुन्हा नम्रपणाच ठरला. राजलक्ष्मीची लढत दुपारी होती. ती हातांना पट्ट्या बांधून पुढच्या रांगेत बसली होती आणि मोबाईलवर आजोबांचं शूटिंग घेत होती. फेटा झाला, शाल झाली, नारळ झाला.

"आता आबांना एक धक्का द्यायचाय," अविराज सर माईकवर म्हणाले. "कोरेगावच्या मुली आज खेळायला आल्यात. त्यांचे कोच कोण, ओळखा बरं!"

काळा चष्मा लावलेला, वाकलेला एक उंच माणूस स्टेजवर चढला. आबांच्या हातातला नारळ निसटता निसटता राहिला. विजयसिंहने मात्र सरळ येऊन त्यांना छातीशी धरलं.

"पोरींनो," त्याने माईक घेतला, "दोन फेऱ्या मी पुढं हुतो. तिसरीत जराशी नजर हलली. माझा डावा हात खाली आला आसंल, आन् तेवढ्यात ह्या माणसानं मला लोळवला. ठोसा दिसलासुद्धा न्हाय, आन् शुद्धीवर आल्यावर त्या फेरीचं नीट काय बी आठवंना. तवापासनं मी एकच गोष्ट शिकवतोय, डावा हात गालाला चिकटून पायजे. हा गडी कुठल्या बी काळात टाका, चँपियनच हुईल."

टाळ्या पडल्या. विजयसिंह आबांकडे वळला. त्याने चष्मा काढला होता. डावा डोळा पांढरा पडला होता.

"झुंबरराव, त्यानंतर आपली गाठच न्हाय. एक इचारायचं ऱ्हायलंय. तुमच्याशिवाय कुणाला म्हाईत असणार? हात खाली आलता न्हवं माझा?"

लोक हसले. विजयसिंह हसला नाही. माईक आबांच्या तोंडापाशी आला.

हात वर होता. चांगला गालापाशी होता. एवढंच बोलायचं होतं आणि चाळीस वर्षांचं ओझं तिथल्या तिथे उतरलं असतं. आबांनी तोंड उघडलं. समोर राजलक्ष्मीचा मोबाईल होता आणि त्याच्यामागे तिचा अभिमानाने फुललेला चेहरा होता.

"व्हय," आबा म्हणाले. "आलता खाली. हितका."

आणि त्यांनी चार बोटं आडवी धरून, किती, तेसुद्धा दाखवलं.

काय गरज होती? नुसतं व्हय म्हणून भागलं असतं. पण एकदा खोटं बोलायला बसल्यावर माणूस त्याचं मापही देतो. आबांना स्वतःच्या त्या चार बोटांची अशी किळस आली, की हात त्यांनी शालीत दडवला.

"ऐकलं का गं?" विजयसिंह आपल्या मुलींना म्हणाला. मुलींनी हसत डावे हात गालाला लावले. राजलक्ष्मीनेही लावला.

सत्कार संपल्यावर विजयसिंह आबांना स्टेजच्या कडेला घेऊन गेला.

"लई बरं केलंत. मला मधनंच वाटायचं, हात वरच हुता. मग पडलो कसा? रात रात इचार करायचो. येड लागायची पाळी आलती. आता मिटलं."

"डोळ्याला काय झालं?" आबांनी विचारलं.

"कधीपासनं धूसरच हुता, आता पार गेला. डॉक्टर म्हणत्यात वयामुळं. आसंल."

विजयसिंह पायरीशी थांबला. डाव्या अंगाची कड त्याला दिसत नव्हती. त्याने हात पुढे केला.

"जरा धरा, झुंबरराव."

आबांनी शालीतून हात बाहेर काढला. विजयसिंहने तो घट्ट पकडला आणि एकेक पायरी चाचपत, निर्धास्तपणे, खाली उतरला.